लेझर मायक्रोमशीनिंग: पॉवर वाढवण्याआधी या चुका तपासा

लेझरने काचेवर ग्रेटिंग (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, समान अंतरावरच्या बारीक रेषांची जाळी) कोरताना रेषा पुसट आल्या की पहिला हात लेझरच्या पॉवरकडे जातो. दोष बहुधा तिथे नसतोच.

आधी फोकस बघा. १०३० नॅनोमीटरचा, १० मिलिमीटर व्यासाचा बीम ५० मिलिमीटरच्या लेन्सने फोकस केला, तर ठिपका आदर्श स्थितीतही साधारण ६.५ मायक्रॉनचा पडतो. ०.५ एनएचं (एनए म्हणजे लेन्स प्रकाश किती रुंद कोनातून एकवटते त्याचं माप) ऑब्जेक्टिव्ह लावलं की तो १.३ मायक्रॉनवर येतो, पण फोकसची खोली, म्हणजे ठिपका बारीक राहतो ते वरखाली अंतर, जेमतेम अडीच मायक्रॉन उरते. काच एका बाजूला ५ मायक्रॉननी उचललेली असली तरी तिकडच्या रेषा गायब! त्यामुळे काच बसवल्यावर किमान तीन ठिकाणी फोकस तपासा. काचेखालचा धुळीचा एक कणही एवढा तिरपेपणा आणू शकतो.

अ‍ॅब्लेशनच्या थ्रेशोल्डजवळ, म्हणजे काचेचा थर जेमतेम उडू लागतो त्या ऊर्जेजवळ, राहिलं तर ठिपक्याहून बारीक रेघ निघते. मात्र तिथे ऊर्जेतला किरकोळ चढउतारही रुंदीत लगेच दिसतो, आणि पॉवर वाढवली की बारीकपणाच जातो. म्हणून अंदाजाने सेटिंग ठरवू नका. वेगवेगळ्या ऊर्जेचे एकेक पल्स (लेझरचे क्षणिक झोत) मारा, खड्ड्यांचे व्यास मायक्रोस्कोपखाली मोजा आणि व्यासाचा वर्ग ऊर्जेच्या लॉगरिदमसमोर मांडा. सरळ रेषा आली तर तिच्या चढावरून ठिपक्याचा खरा आकार कळतो. व्यासाचा वर्ग जिथे शून्य होतो ती ऊर्जा म्हणजे थ्रेशोल्ड. हे काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला तरी दिसत नाही.

कोपरेच जास्त खोल जातायत? सेकंदाला एक लाख पल्स (१०० किलोहर्ट्झ) आणि सेकंदाला १०० मिलिमीटर वेग असताना दोन पल्समध्ये १ मायक्रॉन अंतर असतं. वळणावर स्टेजचा (काच सरकवणाऱ्या मंचाचा) वेग २० मिलिमीटरवर आला की तेवढ्याच लांबीत पाचपट पल्स पडतात. पल्स वेळेवर न सोडता स्टेजच्या एन्कोडरवरून (स्टेज किती सरकली ते मोजणारा सेन्सर), अंतरानुसार ट्रिगर करा.

तयार ग्रेटिंगने पाडलेल्या स्पेक्ट्रममध्ये (रंगपटात) खऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना फिकट जोडरेषा दिसत असतील, तर ग्रेटिंगवर कोरलेल्या रेषांमधल्या अंतरात ठरावीक टप्प्याने परत येणारी चूक आहे. स्टेजचा स्क्रू तपासा, नाहीतर गॅल्व्हो स्कॅनरची (आरसे हलवून बीम फिरवणारं यंत्र) फील्ड, म्हणजे एका वेळी कोरली जाणारी चौकट, जिथे पुढच्या चौकटीला जोडली तिथले सांधे. एकोणिसाव्या शतकातल्या हिऱ्याच्या टोकाने आखलेल्या ग्रेटिंगलाही हाच रोग होता.

आडव्या आणि उभ्या रेषा वेगळ्या दिसत असतील तर पोलरायझेशनवर (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) संशय घ्या. बीमच्या वाटेत क्वार्टर-वेव्ह प्लेट लावून ते वर्तुळाकार करा, म्हणजे कुठल्या एका दिशेला झुकतं माप राहत नाही.