नर्सिंगला जायचंय? अकरावीचा निकाल लागताच हे सुरू करा

अकरावीचा निकाल हातात आला की त्याच आठवड्यात एका संध्याकाळी दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि असेल तर जातीचा दाखला असे सगळे कागद सतरंजीवर शेजारी शेजारी मांडा. घरातल्या एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. मुलीचं नाव, वडिलांचं, आईचं, आडनाव, जन्मतारीख, इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. माझ्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव दत्तात्रय होतं आणि दाखल्यावर दत्तात्रेय. त्या एका मात्रेपायी माझी फाइल बाजूला काढली गेली, प्रतिज्ञापत्र करून परत येईपर्यंत फेरी संपली आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या डिग्रीची जागा गेली. मी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या पदविकेला गेले. आज मी पाठ्यनिर्देशिका आहे, नर्सिंगच्या मुलांना शिकवते, आणि प्रवेशाच्या दिवसांत कुणाची तरी आई ऑफिसच्या बाकावर डोळे पुसत बसलेली मला दर वर्षी दिसते. बहुतेकदा गुण पुरेसे असतात, कागद अडलेला असतो. म्हणून ही यादी कागदांपासून सुरू करते.

नावात फरक सापडला तर तो अकरावीच्या सुट्टीतच दुरुस्त करायला टाका, कारण बोर्डाच्या गुणपत्रिकेतली दुरुस्ती शाळेमार्फत जाते आणि शाळेला तुमची घाई कळत नाही. त्याच सुट्टीत सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्राचा अर्ज करा. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र हे सगळ्यात वेळखाऊ काम. त्यासाठी कॉलेजच्या सही-शिक्क्याचे कागद लागतात, वाडवडिलांचे जुने पुरावे लागतात आणि मग फाइल पडताळणी समितीकडे जाते. आजोबांच्या शाळेतला निर्गम उतारा गावी जाऊन शोधायचा तर दिवाळीची सुट्टी त्यातच जाते, तेव्हा बारावीचं वर्ष सुरू व्हायच्या आत निघा. जातीचा दाखला आहे म्हणजे झालं, असं समजणारी घरं मी फार पाहिली. दाखला वेगळा आणि वैधता वेगळी.

नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राचं उलट आहे. ते लवकर काढलं तर मुदत संपून जाते. ज्या शैक्षणिक वर्षात प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असलं पाहिजे, म्हणून घरी आधीचं पडलेलं असेल तर त्यावरची तारीख वाचा. उत्पन्नाचा दाखलाही तहसीलमधून ताजा घ्या. सगळ्याचं स्कॅन मोबाइलमध्ये आणि एक प्रत मामाच्या किंवा शेजारच्या दादाच्या ईमेलमध्ये ठेवा. नेटकॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका. अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ईमेलही घरातलाच द्या, कॅफेवाल्याचा देऊ नका, कारण पुढचे सगळे ओटीपी त्याच नंबरवर येतात.

आता अभ्यास. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला पहिल्या तीन विषयांत एकत्रित ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के लागतात, इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण व्हायला हवं. ही झाली पात्रता. जागा मात्र सीईटीच्या, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर मिळते. राज्याच्या सीईटी कक्षाची ही परीक्षा कॉम्प्युटरवर होते, १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची यांचे प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आमच्याकडे येणाऱ्या मुली जीवशास्त्र घोटून आलेल्या असतात आणि इंग्रजीत मागे पडतात. जीवशास्त्राइतकेच २० गुण इंग्रजीला आहेत, आणि प्रवेशानंतर सगळं शिक्षण इंग्रजीतून आहे. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, नर्सिंग फाउंडेशन आणि त्यांच्या जोडीला इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले तीन महिने फार जड जातात. ती मुलगी हुशार असते, तिला फक्त शब्द नवे असतात. म्हणून बारावीच्या वर्षात रोज एक पान इंग्रजी मोठ्याने वाचा आणि औषधांच्या वेष्टनावरची माहिती वाचायची सवय लावा. घरी आजीची बीपीची गोळी असेल तर तिच्यावरचं नाव, मात्रा आणि मुदत रोज वाचा. ही सवय पुढे वॉर्डात उपयोगी पडते. अभिरुचीच्या प्रश्नांसाठी महागडा क्लास लावू नका. रुग्णाशी कसं वागावं, गुप्तता म्हणजे काय, प्रथमोपचारात आधी काय करावं, असे प्रश्न शांत डोक्याने वाचले तर सुटतात.

एकाच परीक्षेवर मात्र बसू नका. नीट परीक्षेचा अर्ज डॉक्टर व्हायचं नसलं तरी भरा, विशेषतः मुलींनी. सैन्याच्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसच्या बी.एस्सी.साठी नीटचेच गुण धरतात. पुण्याचं एएफएमसी हे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी हे नौदलाचं रुग्णालय, आणि कोलकाता, दिल्ली, लखनौ, बंगळुरू इथली लष्करी रुग्णालयं मिळून देशभरात २२० जागा आहेत. प्रवेश फक्त मुलींना, विवाहितांना नाही, नीटनंतर बुद्धिमत्ता आणि इंग्रजीची चाचणी, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी. शिक्षणाचा खर्च सरकार करतं, त्याबदल्यात सेवेचा बाँड द्यावा लागतो आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर लेफ्टनंटच्या हुद्द्यावर नेमणूक होते. वर्दीची आवड असलेल्या मुलीला मी हा रस्ता आवर्जून सांगते. पण घरच्यांनी बदल्यांची आणि बाँडची गोष्ट आधी बोलून घ्यावी. एम्सची बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंगची परीक्षा वेगळी. तिथे खुल्या प्रवर्गाला बारावीला ५५ टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात, त्यामुळे सीईटीची ठोकून द्यायची सवय तिथे चालत नाही.

आणि जीएनएम. याचा अर्ज पर्याय म्हणून नाही, मनापासून भरा. तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, तर डिग्रीच्या परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. बारावी कला किंवा वाणिज्य झालेल्यांनाही जीएनएमचं दार उघडं आहे, डिग्रीचं नाही. जीएनएमनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. तीन आणि दोन पाच, म्हणजे सरळ चार वर्षांच्या डिग्रीपेक्षा एक वर्ष जास्त. माझ्या बाबतीत ते जास्तीचं वर्ष वाया गेलं नाही, कारण मधल्या काळात मी जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून पगार घेत होते आणि धाकट्या भावाचं शिक्षण त्यावर झालं. अधिपरिचारिकेच्या सरकारी भरतीत जीएनएम चालतं. एम्सच्या नॉरसेट या नर्सभरतीच्या परीक्षेत मात्र बी.एस्सी.वाली थेट बसते, जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. एम.एस्सी. करून शिकवायचं असेल तर डिग्री लागणारच. तेव्हा घरात आत्ता पैशाची किती निकड आहे, हा प्रश्न लाज न बाळगता आईवडिलांशी बोला. उत्तर ‘लवकर कमवायला हवं’ असं असेल तर सरकारी रुग्णालयातलं जीएनएम हे खासगी कॉलेजातल्या महागड्या डिग्रीपेक्षा मी वर ठेवीन.

एएनएम हा त्याहून लहान, सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि गावात, उपकेंद्रावर राहून काम करायची ओढ असेल त्या मुलींसाठी चांगला आहे. फक्त कुणीतरी ‘हेही नर्सिंगच’ सांगितलं म्हणून घेऊ नका, पुढे जीएनएम करायचं ठरवलं तर वर्षं वाढत जातात. मुलगे विचारतात आम्हाला चालतं का. बी.एस्सी. आणि जीएनएम चालतं, पण काही सरकारी संस्थांमध्ये जागा फक्त मुलींच्या असतात, म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी प्रत्येक कॉलेजपुढची नोंद वाचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कॉलेज कसं निवडायचं. इमारत बघू नका. रुग्णालय बघा. नर्सिंग हे खाटेशेजारी उभं राहून शिकायचं काम आहे. डिग्रीच्या चौथ्या वर्षाचं शेवटचं सत्र तर २२ आठवड्यांचं, आठवड्याला ४८ तास निव्वळ प्रत्यक्ष कामाचं आहे. जिथे खाटा रिकाम्या तिथे मुली इंजेक्शन पुतळ्यावर शिकतात आणि पुतळ्याची शीर कधी निसटत नाही. मुंबईत जे.जे. रुग्णालयाच्या आवारात, पुण्यात ससूनला, नागपूरला शासकीय मेडिकल कॉलेजला, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात शिकणाऱ्या मुलीला पहिल्याच वर्षी इतके रुग्ण दिसतात की हात आपोआप बसतो.

खासगी कॉलेज बघायला जाल तेव्हा सकाळी ८ वाजता जा आणि ऑफिसच्या आधी रुग्णालयात शिरा. ओपीडीला रांग आहे का? वॉर्डात खरेच रुग्ण आहेत का? मुली दिसतात का, आणि त्यांच्यासोबत शिक्षिका आहे का? कुणा विद्यार्थिनीला थांबवून विचारा, काल कोणत्या वॉर्डात होतीस, किती जणांचे व्हायटल्स (नाडी, ताप, बीपी) घेतलेस. ती पटकन सांगेल. ज्या मुलीला आठवावं लागतं तिथे काहीतरी कमी आहे. प्रसूती आणि बालरुग्ण पोस्टिंगसाठी कुठे नेतात आणि बसचे पैसे कुणाचे, हेही विचारा. एका कॉलेजात मी भाचीला घेऊन गेले होते. लॅब नवीकोरी होती, प्लास्टिकचं आवरणही काढलेलं नव्हतं, आणि शेजारच्या रुग्णालयाच्या वॉर्डात गाद्या गुंडाळून ठेवलेल्या होत्या. आम्ही माहितीपत्रकही न घेता परत आलो.

महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव आणि मंजूर जागा आहेत का, आणि डिग्री असेल तर आरोग्य विद्यापीठाची संलग्नता आहे का, हे स्वतः वेबसाइटवर बघा. ‘परराज्यात नाव घालून देतो, हजेरीची काळजी नको’ असं सांगणारा एजंट घरी आला तर त्याला चहाही देऊ नका. न शिकलेला हात उद्या कुणाच्या तरी आईच्या शिरेत सलाईन लावणार आहे.

पैशाचं आधी ठरवा, मग पसंतीक्रम भरा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. संस्था कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठंही यात येत नाहीत. ‘फेरीची वाट कशाला बघता, आत्ताच जागा पक्की करा’ म्हणून कुणी आगाऊ रक्कम मागत असेल तर घाईत किती सोडतोय ते आधी मोजा. वसतिगृह, मेस, गणवेश, प्रवास आणि पुस्तकांचा खर्च यात धरलेला नसतो, तो कॉलेजकडून लेखी मागा. इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर दर वर्षी नव्याने भरायचे असतात.

पसंतीक्रम भरताना जे कॉलेज खरोखर हवं ते वर लिहा. गेल्या वर्षीचा कटऑफ बघून हवं ते खाली ढकलू नका. जागा मिळाल्यावर ती कायम ठेवायची की पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबायचं, आणि प्रवेश रद्द केला तर शुल्क कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतं, ही दोन पानं त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेतून छापून भिंतीला लावा.

निकालाची वाट बघण्याच्या दिवसांत एक काम जरूर करा, हेपटायटिस बीची लस. तिचे डोस पहिला, मग एका महिन्याने, मग सहाव्या महिन्यात असे असतात, म्हणजे वॉर्डात पाय ठेवण्याआधी निदान दोन झालेले बरे. रक्तातलं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात उभ्याउभ्या चक्कर येऊन पडणाऱ्या मुली असतात, आणि घरचे म्हणतात घाबरली असेल. बऱ्याचदा ती घाबरलेली नसते, तिचं रक्त कमी असतं.

रिपोर्टिंगच्या दिवशी मूळ कागद, तीन साक्षांकित संच, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, दहा-बारा फोटो आणि मध्ये खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र न्या. बुटांचा आवाज होणार नाही असे पाहा, घालून दोन तास घरात चालून बघा. आणि मनगटी घड्याळ घ्या, साधं, पण सेकंद काटा असलेलं. पहिल्या दिवशी मी मुलींना एकमेकींची नाडी मोजायला लावते, पूर्ण एक मिनिट, आणि वर्गात मोबाइल चालत नाही.