पाठीवरच्या जन्मजात गाठीवर उपचार करायला उशीर झाला असेल तर

मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतो ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. ती मिटायची राहिली, तर बाळाच्या पाठीवर, बहुधा कंबरेशी, उघडी जखम किंवा गाठ दिसते. उघडी जखम पहिल्या दोन-तीन दिवसांतच शिवून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातून जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. कातडीने झाकलेली गाठ मात्र दुखत नाही, म्हणून ‘मोठा झाला की बघू’ म्हणता म्हणता वर्षे निघून जातात. मूल उंच होऊ लागते आणि खाली अडकलेला मज्जारज्जू ताणला जातो.

हा ताण पुष्कळदा आधी पायांत दिसतो. मुलाच्या दोन्ही चपला उलट्या करून शेजारी ठेवाव्यात. एकीची कड दुसरीपेक्षा लवकर झिजलेली दिसली, एक पाऊल लहान वाटले किंवा कोरडे राहू लागलेले मूल पुन्हा चड्डी ओली करू लागले, तर गाठ वाढलेली नसली तरी थांबू नये. कंबरेवर नुसता केसांचा पुंजका असला तरी हेच करावे.

नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किंवा मिहानमधील एम्समध्ये न्यूरोसर्जनची वेळ घ्यावी. सोबत जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, जुन्या एमआरआयची फिल्म (नुसता रिपोर्ट पुरत नाही) आणि तीन दिवसांची वही न्यावी : लघवी किती वाजता झाली, किती झाली, मधे चड्डी ओली होती का. ही वही क्वचितच कोणी आणते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो. रेशनकार्ड व आधारही जवळ असू द्यावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे दाखल होण्यापूर्वीच आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला) विचारावे.

उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेने अडकलेला मज्जारज्जू मोकळा करता येतो, पुढची हानी रोखता येते. गेलेली ताकद पूर्ण परतेल, अशी आशा मात्र कोणी दाखवू नये आणि पालकांनी धरू नये. माझ्या मते या मुलांत सर्वाधिक दुर्लक्ष मूत्रपिंडांकडे होते. मूत्राशय नीट रिकामे झाले नाही, तर लघवीचा दाब वर मूत्रपिंडांवर येतो आणि ती हळूहळू, काही न दुखता खराब होतात. म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यास दर तीन-चार तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकून घ्यावी. पहिले आठ दिवस आईचे हात थरथरतात, पुढे बरीच मुले हे काम स्वतः करू लागतात. या मुलांना लॅटेक्स रबराची ॲलर्जी होण्याचा धोका अधिक असल्याने नळी लॅटेक्सविरहित मागावी. डोक्यात शंट (मेंदूतले साचलेले पाणी वाहून नेणारी नळी) असेल आणि मूल वारंवार उलट्या करू लागले किंवा पेंगू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

नागपूरच्या मे महिन्याची वेगळी काळजी आहे. ज्या पायांना संवेदना नाही त्यांना तापलेली फरशी कळत नाही. उन्हात उभ्या दुचाकीच्या सीटवर बसवलेल्या मुलाला चटका बसल्याचेही कळत नाही. रोज रात्री पायाचे तळवे आणि बैठकीची जागा उजेडात पाहावी.

अशा मुलाच्या आईने पुढच्या गर्भधारणेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना भेटावे, कारण नेहमीची ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची मात्रा तिला पुरत नाही; तिच्यासाठी मिलिग्रॅममधली मोठी मात्रा लिहून दिली जाते आणि ती दिवस राहण्यापूर्वीच सुरू करावी लागते.