लेवीय 23 चा तक्ता: शाईने काय लिहायचं, पेन्सिलने काय

ज्यू लोकांचे सात सण आणि येशूचं पुनरागमन यांची सांगड घालणारा तयार तक्ता बायबल अभ्यास घेणाऱ्याच्या हाती कधी ना कधी पडतोच. डावीकडे वसंतातले चार सण, त्यांच्यापुढे 'पूर्ण झाले'. उजवीकडे शरदातले तीन, त्यांच्यापुढे 'होणार आहे'. तक्ता देखणा दिसतो आणि वर्गालाही आवडतो. पण त्यात वचनातलं किती आणि कुणाच्या तर्कातलं किती, हे पाहणाऱ्याला कळत नाही. म्हणून तयार तक्ता बाजूला ठेवा आणि वर्गाबरोबर नवा बनवा. दीड-दीड तासाच्या तीन बैठका पुरतात.

मोठा कागद आडवा घेऊन आठ ओळी आखा, सात सणांच्या सात आणि एक जादा. रकाने चार: सणाची तिथी, त्या दिवशी काय करायचं, नव्या करारात त्याच्याबद्दल काय आहे, आणि शेवटच्या काळाशी संबंध. नियम एकच आहे. वचन त्या सणाचं किंवा त्याच्या विधीचं नाव घेऊन बोलत असेल तर शाईने लिहायचं. नुसता एखादा शब्द जुळत असेल तर पेन्सिलने. वाद झाला तरी पेन्सिलनेच. पेन्सिल मऊ घ्या, खोडाखोड भरपूर होणार आहे.

पहिल्या बैठकीत लेवीय 23 सलग मोठ्याने वाचून पहिले दोन रकाने भरा. निसान या ज्यू महिन्याच्या 14 ला संध्याकाळी वल्हांडण. 15 पासून सात दिवस बेखमीर भाकरीचा सण. त्याच सुमारास पहिल्या पिकाची पेंढी ओवाळायची आणि तिथून पन्नासाव्या दिवशी सप्ताहांचा सण, म्हणजे पेन्टेकॉस्ट. मग उन्हाळाभर काही नाही. तिश्री या शरदातल्या महिन्याच्या 1 ला कर्णे वाजवायचे, 10 ला प्रायश्चित्ताचा दिवस, 15 पासून सात दिवस मांडवांचा सण आणि त्याला जोडून आठवा दिवस. ती जादाची ओळ याच आठव्या दिवसाची.

पंचांग घरात असलेल्यांना या तिथ्या लगेच कळतात. ज्यू महिनाही अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीपासून मोजतात, वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं आणि 19 वर्षांत सात अधिक महिने घालून ते ऋतूंशी जुळवतात. त्यामुळे 2025 मध्ये गंमत झाली. 22 सप्टेंबरला इकडे घटस्थापना झाली आणि त्याच संध्याकाळी तिकडे तिश्री 1 लागला. 2 ऑक्टोबरला दसरा आणि प्रायश्चित्ताचा दिवस एकत्र आले, तर 6 ला कोजागिरीच्या संध्याकाळी मांडवांचा सण सुरू झाला. पण यावरून कुणी 'कोजागिरी म्हणजे मांडवांचा सण' असं समीकरण वहीत उतरवलं तर 2026 मध्ये फसेल. आपल्याकडे त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे आणि ज्यूंचा अधिक महिना 2027 च्या सुरुवातीला येतो. म्हणून 2026 चा मांडवांचा सण 26 सप्टेंबरला, भाद्रपदी पौर्णिमेला येतो. शुक्ल पक्षातली जागा तीच राहते, महिना मात्र सरकतो. ईस्टरचंही तसंच: 2024 मध्ये ईस्टर 31 मार्चला आणि वल्हांडण 22 एप्रिलच्या संध्याकाळी होता. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो हे विसरणं. मोबाइलवर वल्हांडणापुढे '2 एप्रिल 2026' दिसलं तर सण 1 तारखेच्या संध्याकाळीच लागलेला असतो.

हवामानाचं भाषांतर याहून फसवं आहे. मराठी बायबलात 'आगोटीचा' आणि 'वळवाचा' पाऊस येतो. गोव्यात आगोट म्हटलं की जून डोळ्यांपुढे येतो. इस्राएलात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि शेवटचा मार्च-एप्रिलात पडतो. आपला पावसाळा तो त्यांचा कोरडा काळ. योएल 2:23 वर्गात घ्यायच्या आधी हे फळ्यावर लिहा, नाहीतर मांडवांच्या सणात ज्यू लोक पावसासाठी करतात ती प्रार्थना कुणालाच कळणार नाही. पाऊस सरल्यावर पाऊस कशाला मागायचा, असं विचारणारा भेटतोच.

दुसरी बैठक वसंतातल्या सणांची. वल्हांडणाला 1 करिंथकरांस 5:7 आहे, 'आपला वल्हांडणाचा यज्ञपशू जो ख्रिस्त'. शाई. इथे एक हुशार विद्यार्थी शंका काढतोच: मार्क 14:12 प्रमाणे शेवटचं भोजन वल्हांडणाचं, मग योहान 19:14 मध्ये वधस्तंभाच्या दिवशी वल्हांडणाची तयारी कशी चालू आहे? उत्तरं बरीच आहेत आणि एकावरही एकमत नाही. दोन्ही वचनं लिहून पुढे जा. 'येशू कोकऱ्यांच्या वधाच्या नेमक्या घटकेला मेला' हे वाक्य योहानाच्या क्रमावर उभं आहे, एवढं समजलं तरी पुष्कळ.

बेखमीर भाकरी दाखवायची असेल तर दोन गोळे मळा. 100 ग्रॅम पिठाला साधारण 50 मिलिलिटर पाणी. एकात चमचाभर ताजी सूर (माडी) घाला, सान्नांच्या पिठात घालतात ती. ती नसेल तर चिमूटभर यीस्ट. तासाभरात फरक डोळ्यांना दिसतो. बेखमीर गोळा लगेच लाटून तव्यावर टाका. रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) नियमाप्रमाणे पिठाला पाणी लागल्यापासून भाकरी भाजून होईपर्यंत 18 मिनिटांची मुदत आहे आणि गोव्याच्या दमट हवेत त्यामागचं कारण पटतं. तिसऱ्या रकान्यात 1 करिंथकरांस 5:8. चौथा रकाना? रिकामा. ओळ रिकामी दिसते म्हणून काहीतरी भरायचा मोह होतो, तो टाळा.

पहिल्या पेंढीपाशी मात्र घाई करू नका, कारण साऱ्या तक्त्याचं वजन या ओळीवर आहे. गोव्यातल्या राय गावात 5 ऑगस्टला आणि ताळगावात 21 ऑगस्टला कणसांचं फेस्त होतं. भाताची पहिली कणसं कापून, आशीर्वाद घेऊन वाटतात. हिंदू घरांत चवथीच्या दिवसांत 'नवें' होतं आणि नवी कणसं दारावर येतात. ही पेंढी कापली म्हणजे सुगी संपली असं कुणीच समजत नाही. उरलेलं शेत त्याच बियाण्याचं आहे, ते पिकलं की कापायचं आहे. पौल 1 करिंथकरांस 15:20-23 मध्ये नेमकं हेच म्हणतो: ख्रिस्त प्रथमफळ, मग त्याच्या आगमनाच्या वेळी त्याचे लोक. सणाचा विधी, येशूचं पुनरुत्थान आणि शेवटचा दिवस हे तिन्ही एका वाक्यात. चौथ्या रकान्यात जाड शाईने लिहा. तयार तक्त्यांत या सणावर 'पूर्ण झाले' असा शिक्का मारलेला असतो, आणि तिथेच ते चुकतात. शेवटच्या काळाशी सगळ्यांत घट्ट बांधलेला सण शरदातला नाही, हा वसंतातला आहे.

तारखेचं भान इथेही ठेवा. 'शब्बाथाच्या दुसऱ्या दिवशी' (23:11) याचा अर्थ येशूच्या काळच्या दोन ज्यू गटांपैकी सदूकी रविवार असा घेत, तर परूशी सणाच्या पहिल्या दिवसाचा दुसरा दिवस, म्हणजे निसान 16. आजचे ज्यू दुसऱ्या रीतीने मोजतात, म्हणून त्यांचा पन्नासावा दिवस दरवर्षी रविवारी येत नाही.

पन्नासाव्या दिवशी खमीर घातलेल्या दोन भाकरी अर्पण करायच्या (23:17). त्या यहूदी आणि परराष्ट्रीय यांचं चिन्ह, हे पेन्सिलीत. शाईत प्रेषितांची कृत्ये 2. त्यातही 17 वी ओवी बोट ठेवून वाचा: पेत्र योएलाचं वचन घेतो आणि 'शेवटल्या दिवसांत' असं म्हणतो, तेही त्या सकाळी घडत असलेल्या गोष्टीबद्दल. म्हणजे त्याच्या लेखी शेवटचे दिवस सुरू झालेले आहेत. चार झाले आणि तीन राहिले ही विभागणी इथेच डळमळते.

तिसऱ्या बैठकीला गर्दी जास्त असते, कारण कर्णे आता येतात. 1 थेस्सलनीकाकरांस 4:16, 1 करिंथकरांस 15:52, मत्तय 24:31, तिन्हीकडे कर्णा आहे, पण सणाचं नाव एकाही ठिकाणी नाही. म्हणून पेन्सिल. 'तो दिवस व ती घटका कुणाला ठाऊक नाही' हे येशूचं वचन म्हणजे कर्ण्यांच्या सणाचा ज्यू वाक्प्रचारच होता, असं ठासून सांगितलं जातं. चंद्रकोर दिसल्याशिवाय महिना लागत नसे हे खरं, पण त्या काळच्या ज्यू लेखनात असा वाक्प्रचार दाखवता येत नाही. आणि तारीख कुणाला कळणार नाही असं सांगणाऱ्या वचनातून तारीख काढणं हा उलटा कारभार आहे.

तो कारभार झालेला आहे. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी कराईट (रब्बींची परंपरा न मानणारा ज्यू पंथ) गणनेने प्रायश्चित्ताचा दिवस काढून 22 ऑक्टोबर 1844 ही येशूच्या पुनरागमनाची तारीख धरली. रब्बींच्या पंचांगात त्या वर्षी तो महिनाभर आधीच होऊन गेला होता. पुढे 1988 आणि 2025 मध्येही कर्ण्यांच्या सणाच्या तारखा फिरल्या. 2014-15 मधली चार चंद्रग्रहणं याच सणांना लागली म्हणून ती शेवटाची खूण असं सांगत. त्याचं गणित तर वर्गातच सोडवा: ग्रहण पौर्णिमेलाच लागतं, वल्हांडण आणि मांडवांचा सण पौर्णिमेच्या आसपासच येतात आणि दोहोंत नेमके सहा चांद्रमास असतात. ग्रहणंही बहुधा सहा महिन्यांनी येतात. एक जुळलं की दुसरं जुळायची शक्यता मोठीच.

प्रायश्चित्ताच्या दिवसाला कोकणातले बेने इस्राएल ज्यू मराठीत दारफळणीचा सण म्हणत. इथे इब्री 9:24-28 वाचा. प्रमुख याजक रक्त घेऊन आत जातो, तसा ख्रिस्त स्वर्गात गेला आणि वाट पाहणाऱ्यांना 'दुसऱ्यांदा' दिसेल. आत जाणं झालं, बाहेर येणं बाकी. शाई, आणि दोन्ही बाजूंना. जखऱ्या 12:10 मधला शोक या दिवशी होईल, हे मात्र पेन्सिलीत. वर्गात कॅथलिक असतील तर त्यांच्या शिकवणुकीत ख्रिस्ताच्या पृथ्वीवरच्या हजार वर्षांच्या राज्याचा शब्दशः अर्थ मान्य नाही, हे आधीच सांगा. मिलरच्या चळवळीतून निघालेले अॅडव्हेंटिस्ट याच ओळीत 1844 ठेवतात. त्यांचं पेन्सिलीत लिहा, खोडू नका.

बोलताना ज्यू लोकांबद्दल जीभ सांभाळा. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं आणि हे सण गुपचूप पाळल्याच्या संशयावरून माणसं पकडली जात. पणजीतली बाग ज्याच्या नावाने आहे त्या गार्सिया द ओर्ता या ज्यू वंशाच्या वैद्याची हाडं मृत्यूनंतर बारा वर्षांनी, 1580 मध्ये, उकरून जाळली गेली. सण 'आमचेच' म्हणून मिरवायची ही भूमी नव्हे.

मांडवांच्या सणाला जखऱ्या 14:16 सणाचं नाव घेऊन सगळ्या राष्ट्रांबद्दल बोलतो, म्हणून शाई. प्रकटीकरण 7:9 मधल्या झावळ्या आणि 21:3 मधला देवाचा मंडप पेन्सिलीत, पण ही पेन्सिल जरा दाबून. आठव्या दिवसाच्या ओळीत 'नवी सृष्टी' लिहायचं असेल तर अगदी पुसट.

मांडव बांधून दाखवणं गोव्यात सोपं. निदान अडीच भिंती, छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि तोडलेल्या वस्तूचं, म्हणजे माडाच्या झावळ्या चालतात. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, तरी रात्री चांदण्या दिसाव्यात. फळं टांगायची पद्धत गणपतीवर बांधतात त्या माटोळीची आठवण देते. फक्त झाडाखाली बांधू नका, आकाश आडता कामा नये. आणि 2026 सारखा सण सप्टेंबरात आला तर इथे पाऊस असायचाच. त्याची सोय मिश्नात (रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहात) आहे: मांडवातली पेज बिघडेल इतकं पाणी गळू लागलं, की उठून घरात जायचं.