पहिली माउंटन बाइक घेताय? या चुका टाळा

पंधरा-वीस हजारांच्या सायकलवर सगळंच चांगलं बसत नाही. कंपनी कुठेतरी पैसे वाचवतेच, आणि वाचवते ते न दिसणाऱ्या जागी: मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात), बेअरिंगमध्ये, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुपायी भागाच्या) आत. दिसणाऱ्या जागी डिस्क ब्रेक, जाडजूड शॉकअप आणि ‘२१ गिअर’चं स्टिकर असतं. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

चाकाच्या मापाला सायकलचं माप समजणं

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘२६ देऊ की २७.५?’ हे चाकाचं माप, इंचांत. अंगाला बसायला हवी ती फ्रेम, आणि तिचं माप वेगळं असतं: साधारण ५ फूट ३ इंच उंचीला १५-१६ इंची, ५ फूट ८ इंचाला १७-१८ इंची. कंपनीगणिक हे थोडं बदलतं, म्हणून अंगावर घेऊनच पाहा. बूट घालून मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून उभे राहा. दांडी आणि जांघ यांत किमान ५ सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. वाढत्या अंगाचा शर्ट घेतात तशी मुलांसाठी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. दगडाळ चढावर अचानक पाय टेकायची वेळ येते तेव्हा जमीन सापडत नाही.

गिअर मोजले, दात मोजलेच नाहीत

नवी मुंबईच्या सपाट पाम बीच रोडवर कुठलीही सायकल पळते. खरा हिशेब ठाण्यातल्या येऊरच्या किंवा नवी मुंबईतल्या खारघर हिलच्या चढावर होतो, आणि तिथे २१ पैकी एकच गिअर कामाचा असतो: पुढची सर्वांत लहान दातेरी चकती आणि मागची सर्वांत मोठी. पुढे २८ आणि मागेही २८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात २७.५ चं चाक एकदाच फिरतं, म्हणजे सुमारे २.१७ मीटर. नवशिक्याला उभ्या चढावर हे जड जातं. मागे ३४ दात असतील तर तेच अंतर १.८ मीटरच्या आत येतं आणि गुडघ्यांची सुटका होते. पुढे २४ दातांची चकती असेल तर मागचे २८ सुद्धा चालून जातात. दुकानातच बोटाने दात मोजा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. नंतर ३४ ची फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) बसवायची झाली तर मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढे दात पेलणारा लागतो आणि चेनही बहुधा लांब घ्यावी लागते.

दुसरा प्रश्न विचारा: मागे फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसणारा संच) आहे की कॅसेट (हबच्या खाचांवर सरकवून बसवलेला संच)? फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे चकत्यांखालचा चाकाचा आस म्हणजे अ‍ॅक्सल आधाराविना राहतो. वजनदार माणूस खड्ड्यात आदळला की तो वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटमध्ये बेअरिंग फ्रेमच्या जवळ असतं. मागे ७ चकत्या असतील तर बहुधा फ्रीव्हीलच असते. ८ असल्या तरी खात्री करून घ्या.

शॉकअपची हौस

या किमतीतल्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं काही नसतं. हँडल दाबून सोडा. टणकन वर आलं तर खडकाळ उतारावर पुढचं चाकही तसंच उडेल. साधा फोर्क दीड किलोपर्यंत हलका असू शकतो आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. २.१ इंची टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली (६५ किलोच्या माणसाला ३० ते ३५ पीएसआय, टायरवर छापलेल्या किमान आकड्याखाली नको) तर बरेच धक्के टायरच खातो. मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल तर घेऊच नका: वजन वाढतं आणि सांधे लवकर खुळखुळतात.

डिस्क ब्रेक लागत नाही, नाहीतर किंचाळतो

केबलच्या स्वस्त डिस्क ब्रेकमध्ये सहसा एकच पॅड हलतो, दुसरा जागेवर स्थिर. लिव्हर दाबताना वरून पाहा: डिस्क एका बाजूला वाकताना दिसली तर स्थिर पॅड लांब राहिलाय. अ‍ॅलन कीने तो थोडा थोडा आत घ्या, डिस्कला न घासता जेमतेम फट राहील इतका. पावसाळ्यात चिखलातली रेती पॅड भराभर खाते, तेव्हा दर आठवड्याला पाहा. किंचाळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडणं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलणं बरं.

खोक्यातून आलेली सायकल

घरी जोडताना हमखास होणारी चूक म्हणजे फोर्क उलटा राहणं. डिस्कचा कॅलिपर (पॅड धरणारा भाग) फोर्कच्या डाव्या पायाच्या मागच्या बाजूला दिसला पाहिजे; पुढे दिसला तर फोर्क फिरवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सुरुवातीला ते हाताने फिरवा. पान्याने रेटलंत तर क्रँकचे (पायडल ज्या दांडीला लागतं तिचे) आटे गेलेच म्हणून समजा.

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत सीटची नळी फ्रेममध्ये गंजून जाम होते, म्हणून ती पहिल्याच दिवशी काढून ग्रीस लावा. चौकोनी टोकाच्या अ‍ॅक्सलवर बसवलेल्या क्रँकचे बोल्ट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. डावा क्रँक ढिला ठेवून तसंच चालवत राहिलात तर त्याचं चौकोनी भोक गोल होतं. मग कितीही आवळा, नवा क्रँक घ्यावाच लागतो.