पैसे निघाले म्हणजे साइट खरी? ऑनलाइन कॅसिनो तपासताना या चुका टाळा

कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, खात्यात पडले, की पानठेल्यावर नवी लिंक फिरायला लागते. कोणी विमान उडवायचा गेम दाखवतो, कोणी रुलेट. साइट खरी आहे हे कायवरून समजलं, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाचशे टाकले, सातशे निघाले ना भाऊ." साइट जे आपणहून दाखवते तेच पाहून लोक खुश होतात आणि त्याला तपासणी म्हणतात.

"सातशे निघाले"

छोटी रक्कम परत देणं हा फसव्या साइटचा जाहिरातखर्च आहे. सातशे मिळालेला माणूस सात हजार टाकतो आणि गावातली चार पोट्टी सोबत आणतो. मोठी रक्कम काढायला गेलं, की "खातं पडताळणीत आहे" येतं. मग "आधी ३० टक्के टॅक्स भरा, मग पैसे सोडतो." १ एप्रिल २०२३ पासूनचा नियम असा, की ऑनलाइन गेममध्ये जिंकलेल्या निव्वळ रकमेवरचा ३० टक्के टीडीएस पैसे देणारी कंपनीच कापते आणि उरलेले पैसे देते. जिंकणाऱ्याने वेगळे भरायचे नसतात. एकदा भरले, की पुढे "खातं उघडायची फी" तयारच असते.

याहून वाईट म्हणजे जे पैसे खरंच आले ते. ते कोणी पाठवले, हे कोणी बघत नाही. नेहमीचा प्रकार असा: पोरगा बापाच्या खात्याला जोडलेल्या यूपीआयवरून खेळतो. पाच वेळा पैसे येतात, पाचही वेळा वेगळ्या नावाने. एकदा कोण्या ट्रेडर्सचं, एकदा किराणा दुकानाचं, एकदा अनोळखी बाईचं. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. त्यातल्या एकात दुसऱ्या राज्यातल्या कोणाचे तरी लुबाडलेले पैसे आलेले असतात. तो माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला त्याची साखळी निघते आणि बापाच्या खात्यावर होल्ड लागतो. कधी तेवढीच रक्कम अडकते, कधी अख्खं खातं गोठतं. त्याच खात्यात सीसीआयचे (सरकारी कापूस खरेदीचे) चुकारे, त्यातच पीएम किसानचे दोन हजार. मृग लागला, बियाणं घ्यायचं, आणि शाखेतला बाबू म्हणतो, "वरून आहे."

तिथे भांडून काही होत नाही. होल्ड कोणत्या तक्रार क्रमांकावर, किती रकमेचा आणि कोणत्या राज्याच्या कोणत्या ठाण्याचा, हे बँकेकडून लेखी घ्या. खात्याचा उतारा आणि चुकाऱ्याच्या पावत्या जोडून त्या ठाण्याला कळवा. महिने जातात. सातशे रुपयांपायी.

तपासायचंच असेल तर पैसे भरायचा क्यूआर स्कॅन करा, पिन टाकू नका, फक्त नाव वाचा. पान बंद करून पुन्हा उघडा, पुन्हा स्कॅन करा. असं तीनदा. नाव बदललं, किंवा एखाद्या साध्या माणसाचं निघालं, की विषय संपला. दोन मिनिटांचं काम आहे, पण "लवकर कर ना बे" म्हणणाऱ्यांना तेवढाही दम नसतो.

"खाली परवान्याचा शिक्का आहे"

शिक्का म्हणजे चित्र, कोणीही चिकटवतं. तो दाबून उघडणारं पानही नकली असू शकतं. म्हणून माल्टा, कुरासाओ, ब्रिटन, ज्याचा परवाना सांगितला असेल त्या नियामकाची साइट स्वतः शोधून उघडा आणि यादीत पत्ता तपासा. कंपनीचं नाव जुळून उपयोग नाही, वेबसाइटचा पत्ता अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. मागे एक ७७ जास्त लागलेला असला तरी ती दुसरीच साइट.

आणि परवाना खरा निघाला तरी तो तिथला. आपल्याकडे २२ ऑगस्ट २०२५ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांना मनाई करतो. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, पण विदर्भातल्या वणीत बसून माल्टाच्या कंपनीकडून पैसे काढून देणाराही कोणी नाही.

"पत्त्यापाशी कुलूप दिसते"

ते कुलूप फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. मधला कोणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे बसलेला चोर आहे की साव, ते नाही.

"९६ टक्के परत मिळतात"

हा आकडा लाखो डावांचा, आणि टक्केवारी लावलेल्या एकूण रकमेवर, खिशातल्या पैशावर नाही. दहा रुपयांचा डाव, मिनिटाला दहा, तर तासात सहा हजार लावून होतात. चार टक्के म्हणजे सरासरी २४० रुपये तासाला गेले. बोनसचंही तेच. हजाराचा बोनस काढण्याआधी चाळीस पट फिरवायची अट असली, तर चाळीस हजार लावायचे आणि सरासरी सोळाशे घालवायचे. हजार मिळवायला! रुलेटमध्ये दोन शून्यं दिसली तर उठाच: एका शून्याच्या चाकावर कॅसिनोचा वाटा २.७० टक्के, दोनच्यावर ५.२६.

"हॅश दाखवतात, म्हणजे प्रामाणिक"

डावाचा निकाल सीड नावाच्या गुप्त आकड्यांवरून ठरतो: एक आपला, एक साइटचा (सर्व्हर सीड). हॅश म्हणजे साइटच्या सीडचा ठसा. डावाआधीचा हॅश कागदावर उतरवा, आपला सीड स्वतः बदला, आणि नंतर सर्व्हर सीड उघड झाला की दुसऱ्या एखाद्या साधनात टाकून तोच हॅश येतो का बघा. साइटच्याच "तपासा" बटणावर तपासणं म्हणजे आरोपीलाच पंच करणं. जुळला तरी सिद्ध एवढंच होतं, की सीड मध्येच बदलला नाही. पैसे देतील की नाही, ते हॅशमध्ये नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके (अ‍ॅपची फाइल)

टाकूच नका. टाकून झाली असेल आणि एसएमएस किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचून फोन चालवायची) परवानगी दिली असेल, तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला यूपीआय बंद करायला सांगा, मगच अ‍ॅप काढा. नुसतं अ‍ॅप काढून "झालं" म्हणू नका, फोन फॅक्टरी रिसेट करा.

पैसे गेले असतील तर आधी १९३०, मग बाकी. यूटीआरचा, म्हणजे व्यवहाराचा, १२ आकडी क्रमांक आणि नेमकी वेळ हाताशी ठेवा. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फक्त फी भरा" असा फोन आला, तर तो बहुतेक त्याच टोळीचा असतो. तुमचा नंबर त्यांच्याकडे आधीपासूनच आहे.