कोरीवकामाचं मशीन: खोलावं कुठे, जोडावं कसं

"कोरता कोरता मध्येच सरकतं हो, बोर्ड गेला असणार." घरगुती सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, माझ्याकडे घेऊन येणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच म्हणतो. सरकतं हे खरं असतं. बोर्डाचं मात्र मी ऐकून सोडून देते. टेबलावर मावणाऱ्या या मशीनमध्ये असतं काय, तर स्टेपर मोटर (छोट्या ठरावीक पावलांनी, म्हणजे स्टेपनी, फिरणारी), लीड स्क्रू (तिच्याबरोबर फिरणारा लांब आट्यांचा दांडा), त्यावर सरकणारा पितळी नट आणि वर कोरणारं बिट फिरवणारा एक छोटा स्पिंडल. त्यात एखादा ढिला ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू), झिजलेला नट किंवा अडकलेला भुसा सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. म्हणून मी आधी कुठला अक्ष, म्हणजे हालचालीची कुठली दिशा, बिघडलाय ते ठरवते आणि तेवढाच खोलते. धडाधड सगळं सुटं करणाऱ्याला मूळ बिघाड कळत नाही, वर जोडताना दोन नवे तयार होतात.

अक्ष शोधायला लाकूड वाया घालवू नका. स्पिंडल बंद ठेवून त्याला रबरबँडने पेन बांधा, बेडवर कागद चिकटवा आणि १०० मिमीचा चौकोन आणि त्यात एक वर्तुळ एकाच जागी पुन्हा पुन्हा काढायला लावा. रेघा दर फेरीला एकाच बाजूला सरकत गेल्या तर मोटर स्टेप चुकवतेय किंवा कपलिंग, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणारा तुकडा, घसरतंय. रेघा जागच्या जागी आहेत, पण वर्तुळ चार टोकांना चपटं येतंय आणि सुरुवात-शेवट जुळत नाही, तर तो प्ले. म्हणजे अक्ष दिशा बदलतो तेव्हा स्क्रू थोडा फिरतो, पण नटाला जोडलेला, सरकणारा गाडा हलत नाही. या दोन दुखण्यांचे इलाज अगदी वेगळे आहेत.

आता प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. लीड स्क्रू बोटांनी, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जोरात फिरवू नका, कारण हाताने फिरवलेली स्टेपर मोटर स्वतःच वीज तयार करते आणि ती मोटर चालवणाऱ्या सर्किटकडे, म्हणजे ड्रायव्हरकडे, जाते. एकाच ठिकाणी जड लागलं तर तिथे घाण आहे किंवा आटे दुखावलेत. दर फेऱ्याला एकदा जड लागलं तर स्क्रू वाकलाय किंवा कपलिंग तिरकं बसलंय. मध्ये हलकं आणि बेअरिंगजवळ गेल्यावर जड, हे मला सगळ्यात जास्त भेटतं. नट आणि बेअरिंग एका रेषेत नाहीत असा त्याचा अर्थ. मध्यावर स्क्रूला लवायला वाव मिळतो, टोकाशी मिळत नाही.

प्ले असेल तर गाडा हाताने पुढेमागे ढकला आणि नजर स्क्रूच्या टोकावर ठेवा. स्क्रूच आतबाहेर होत असेल तर बेअरिंगजवळची लॉक कॉलर (स्क्रू जागेवर धरणारी कडी) ढिली आहे. स्क्रू स्थिर आणि गाडा हलतोय, तर नटाचे आटे गेलेत. नट बदलायचाच असेल तर दोन तुकड्यांमध्ये स्प्रिंग असलेला घ्या.

कपलिंगची परीक्षा साधी आहे. मार्करने एक बारीक रेघ ओढा, मोटरच्या शाफ्टवरून कपलिंगवर आणि तिथून लीड स्क्रूवर. पुन्हा चौकोन काढायला लावा. रेघ कुठे तुटली ते बघा, तिथला ग्रब स्क्रू घसरतोय. मोटरच्या शाफ्टला चपटी बाजू असेल तर एक ग्रब स्क्रू बरोबर त्या सपाटीवर यायला हवा. गोलाव्यावर तो कितीही आवळला तरी सुटतोच. बसवताना मध्यम ताकदीच्या थ्रेड लॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरे.

खोलण्याआधी दोन कामं. प्रत्येक जोडाचा, वायरींच्या रंगांसकट, फोटो काढा. आणि मशीनवर जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर दोनदा डॉलरचं चिन्ह टाइप करून येणारी सेटिंगची सगळी यादी जपून ठेवा. त्यातले १०० ते १०२ क्रमांक म्हणजे तिन्ही अक्षांचे दर मिलिमीटरला लागणारे स्टेप.

सफाईत एकच गोष्ट ठासून सांगते: तेलाचा स्प्रे मारून मोकळं होऊ नका. तेलात भुसा मिसळला की पॉलिश पेपरसारखा लेप तयार होतो आणि पितळी नट खातो. ब्रशने आट्यांमधली काजळी काढा, कापडाने पुसा, मग स्क्रूला कोरडं पीटीएफई (टेफ्लॉनचं) वंगण लावा. प्लॅस्टिकच्या चाकांना काहीच लावायचं नाही.

मशीन नीट होतं ते जोडताना. फ्रेम सपाट पृष्ठभागावर ठेवून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आल्याशिवाय कोपऱ्याचे बोल्ट आवळू नका. गुण्या छोट्या लांबीवर फसवतो, कर्ण फसवत नाहीत. पुढे बाकीचे सगळे बोल्ट फक्त बोटांनी बसवा. गाडा एका टोकाला न्या, त्या टोकाचे बोल्ट आवळा. दुसऱ्या टोकाला न्या, तिथले आवळा. नट धरणारे स्क्रू सगळ्यात शेवटी, तेही गाडा बेअरिंगला खेटून ठेवूनच. म्हणजे नट आपली जागा आपणच शोधतो. चाकांना एक्सेंट्रिक नट (भोक केंद्राबाहेर असलेले, फिरवून चाक जवळ-लांब करणारे) असतील तर गाडा डगमगणार नाही इतपतच फिरवा. गाडा धरून ठेवला असताना चाक बोटाने जरा जोर लावून फिरायला हवं. अजिबात फिरलं नाही तर जास्त आवळलंय.

वायरिंगचा नियम एकच: वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू नका, ड्रायव्हर तिथेच जातो. मोटर जागच्या जागी गुरगुरत असेल तर मल्टिमीटर घ्या. चार वायरींच्या दोन जोड्या असतात. जोडीमध्ये काही ओहम रोध दिसतो, दोन वेगळ्या जोड्यांमध्ये काहीच दिसत नाही. मीटर लावलेला ठेवून केबल हलवा. हलणाऱ्या गाड्याकडची वायर आवरणाच्या आत तुटते आणि वरून धडधाकट दिसते. मोटर उलटी फिरली तर एकाच जोडीतल्या दोन वायरींची अदलाबदल करा.

स्पिंडलला कोलेट, म्हणजे बिट पकडणारी चिरा असलेली बाही, असेल तर बिट बदलण्याची पद्धत तपासा. ईआर जातीचा कोलेट आधी नटात तिरका धरून 'कट्' आवाज येईपर्यंत दाबायचा आणि मग नटासकट स्पिंडलवर चढवायचा. कोलेट आधी स्पिंडलमध्ये टाकून वरून नट लावला तर बिट केंद्रात राहत नाही, कड फाटकी येते आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो. रिकामा कोलेट आवळूही नका.

स्पिंडल सरळ आहे का ते बघायला बिटच्या जागी काटकोनात वाकवलेली जाड तार लावा आणि हाताने फिरवा. एका बाजूला टोक बेडला घासलं आणि समोरच्या बाजूला फट राहिली, तर स्पिंडलच्या पट्ट्यामागे पातळ पत्र्याची किंवा कागदाची पट्टी सरकवा. हे झाल्यावरच बेडवरचा एमडीएफ सपाट करून घ्या. आधी केलात तर पुन्हा करावा लागेल.

मापाबद्दल थोडं. मोटर फेऱ्याला २०० स्टेप, प्रत्येक स्टेपचे १६ मायक्रोस्टेप (छोटे तुकडे) आणि स्क्रूची फेऱ्याला ४ मिमी चाल असेल, तर २०० × १६ ÷ ४ = ८०० स्टेप दर मिलिमीटर. हा आकडा भूमितीतून येतो. १०० मिमी मागून ९९.६ मिळाले म्हणून तो वाढवून ठेवणं मला पटत नाही. आधी ५० आणि २०० मिमीच्या रेघा काढून मोजा. चूक लांबीबरोबर वाढली तर आकडा तपासा. दोन्हीकडे तेवढीच राहिली तर तो प्लेच आहे, आकडा बदलून जाणार नाही. आणि १०० ऐवजी थेट ५० किंवा २०० आले तर ड्रायव्हरखालचे मायक्रोस्टेपचे जंपर आणि स्क्रूची चाल बघा.

शेवटी तीच फाइल हवेत चालवा, आधी स्पिंडल बंद ठेवून, मग चालू करून. दुसऱ्या वेळीच कॉम्प्युटरशी संपर्क तुटत असेल, तर स्पिंडलच्या ब्रशांचा विद्युत गोंधळ यूएसबी केबलमध्ये शिरतोय. आखूड, शील्ड असलेली, फेराइट कोअरची (असा गोंधळ अडवणारी गाठ असलेली) केबल घ्या आणि ती स्पिंडलच्या वायरीपासून दूर न्या. दोन्ही वेळा सुरळीत चाललं की मऊ लाकडावर, उथळ खोलीत पहिलं काम लावा. ते संपल्यावर एलन की घेऊन सगळे ग्रब स्क्रू परत एकदा तपासा.