नॉट पक्ष्याच्या नावाची गोष्ट कशी तपासावी

ब्रिटनच्या चिखलाळ किनाऱ्यांवर हिवाळा काढणाऱ्या नॉटचे नाव इंग्लंड व डेन्मार्कच्या कनूट राजावरून पडले, असे सर्रास सांगतात. भरतीला थांबवू पाहणारा राजा, भरतीच्या कडेला चरणारा पक्षी. जुळणी फारच सुबक, म्हणूनच संशय घ्या.

आधी तीन तारखा वेगळ्या लिहा: घटनेची, नावाच्या पहिल्या लेखी नोंदीची आणि स्पष्टीकरणाची. कनूट वारला 1035 मध्ये. पक्ष्याचे नाव इंग्रजीत दिसते पंधराव्या शतकात. राजाशी नाते जोडले इंग्रज इतिहासकार विल्यम कॅम्डेनने, 1600 च्या आसपास, तेही ‘माझ्या मते’ म्हणून. शिवाय त्याचे कारण भरती नव्हतेच. हे पक्षी डेन्मार्कहून येतात असा तेव्हा समज होता. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये हिवाळ्यात येणारे बहुतेक नॉट ग्रीनलंड व कॅनडाचे. भरतीची कथा बाराव्या शतकात हंटिंग्डनचा हेन्री या इतिहासकाराने लिहिली, तिच्यात पक्षी नाही.

शास्त्रीय नाव पुरावा म्हणून मोजू नका. इथेच बहुतेक जण फसतात. जीवांना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ‘कॅन्यूटस’ हे नाव त्याच दंतकथेवरून ठेवले. तो दुसरा साक्षीदार नव्हे, पहिल्याचाच प्रतिध्वनी.

मग नाव पक्ष्याच्या आवाजावरूनच पडले असेल का, हे पाहायला आवाज ऐका. चरताना नॉट खालच्या पट्टीत, घशातून तुटक आवाज काढतो. तुलना करताना आजचा उच्चार धरू नका. पूर्वी आरंभीचा ‘क’ उच्चारला जाई, म्हणजे ‘क्नॉट’. आपल्या टिटवीसारखी ही जुळणी स्पष्ट नाही, म्हणून शेरा लिहा: ‘ध्वन्यनुकरण (आवाजावरून नाव) शक्य, व्युत्पत्ती अनिश्चित.’